कोकणचा सडा कसा पाहावा: कातळावरच्या वनस्पतींसोबत पहिला पावसाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या गावातून घाटी चढून वर आलं, की एकदम सपाटी लागते. मोठं झाड नाही, सावली नाही, पायाखाली काळपट जांभा दगड. हाच सडा. महसुलाच्या कागदावर यातली बरीच जमीन पोटखराब किंवा पडीक म्हणून लागलेली असते, आणि मे महिन्यात तिथे उभ्या राहिलेल्या माणसाला ते पटतंही. पण पाऊस सुरू झाल्यापासून ऑक्टोबर सरेपर्यंत याच कातळावर गवतं, कंद, कीटकभक्षी रोपं आणि पाणवनस्पती दाटीवाटीने नांदतात. त्यांतल्या काही जाती कोकण-गोव्याच्या किनारपट्टीखेरीज जगात कुठेच उगवत नाहीत.

पहिल्यांदाच सड्यावर जाऊन वनस्पती समजून घ्यायच्या आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. वनस्पतिशास्त्र शिकलेलं असण्याची गरज नाही. वाकून बसायची तयारी आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा जायची चिकाटी मात्र हवी.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घ्या: फुलं शोधत फिरायचं नाही. आधी पाणी पाहायचं. ते कुठे साचतं, कुठून झिरपतं, किती दिवस टिकतं, आणि त्याच्याखाली माती किती आहे, हे कळलं की कुठे काय उगवणार याचा अंदाज बांधता येतो. वीतभर अंतरात वनस्पतींची अख्खी वस्ती बदलते, आणि ती पाण्याच्या हिशोबाने बदलते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: सडा निवडा आणि विचारून जा

कासच्या पठाराचे फोटो पाहून या नादाला लागलेले पुष्कळ जण असतात. कास साधारण १२०० मीटर उंचीवर आहे, आणि मसाई, चौकुळ हेही सह्याद्रीच्या अंगावरचे उंच सडे. किनाऱ्याचे सडे वेगळे. ते समुद्रसपाटीपासून बहुतेक २०० मीटरच्या आत असतात, खारं वारं थेट अंगावर घेतात, उन्हाळ्यात जास्त तापतात. दोन्हींकडे काही जाती सारख्या असल्या तरी सगळ्या नाहीत. कासला जाऊन आलो म्हणजे किनाऱ्याचा सडा पाहिला, असं होत नाही.

माझा आग्रह असा, की नावाजलेला सडा शोधू नका. तुमच्या गावाजवळचा, तासाभरात पोहोचता येईल असा निवडा. राजापूर, रत्नागिरी, देवगड, मालवण या तालुक्यांत बहुतेक गावांना स्वतःचा सडा आहे. गोव्यातही जांभ्याची पठारं पुष्कळ आहेत. पावसाळ्यात किमान महिन्यातून एकदा जाता येणं महत्त्वाचं. एकदाच जाऊन शंभर फोटो काढणाऱ्यापेक्षा एकाच जागी पाच वेळा गेलेल्याला सड्याबद्दल जास्त कळतं.

बहुतेक सडे खासगी मालकीचे आहेत, आणि एका सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावंही असतात. तेव्हा ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांना सांगून जा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, सड्यावर गुरं घेऊन येणाऱ्या माणसांशी बोला. कुठलं डबकं कधी आटतं, कुठलं गवत गुरं तोंडात धरत नाहीत, कुठे फुरसी जातीचे विषारी साप निघतात, हे त्यांना पाठ असतं. अनेक गावांत अजूनही सडकून पाऊस पडल्यावर सड्यावरचं पाणी कुठल्या पऱ्याने (ओढ्याने) खाली उतरतं आणि कोणाची विहीर भरतं, हे सांगणारी माणसं आहेत. ही माहिती कुठल्याही पुस्तकापेक्षा आधी मिळवा.

दुसरी पायरी: पाऊस येण्याआधी एकदा जा

हा सल्ला ऐकून लोक चकित होतात, पण मेच्या शेवटची फेरी चुकवू नका. गवत नसतं तेव्हाच सड्याचा नकाशा दिसतो.

जांभा कसा बनला ते थोडक्यात. उष्ण, भरपूर पावसाच्या हवेत लाखो वर्षं मूळ खडकातलं सिलिका आणि क्षार धुऊन गेले, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली आणि ती हवेत घट्ट झाली. म्हणून तो तांबडा, सच्छिद्र, आम्लधर्मी आणि पोषणद्रव्यांच्या बाबतीत गरीब. घरं बांधायला जो चिरा काढतात तो हाच. वरची काळी कांती मुख्यतः नीलहरित शैवालांची आणि दगडफुलांची आहे. उन्हाळाभर ती सुकून निपचित पडते आणि पाणी मिळताच पुन्हा जागी होते.

मेमध्ये वहीत कच्चा नकाशा काढा. उघडा कातळ कुठे, भेगा कुठल्या दिशेने गेल्यात, उथळ खळगे कुठे, वाळलेल्या चिखलाचे तडे कुठे (म्हणजे तिथे पाणी बराच काळ होतं), मातीचा थर कुठे. उतार डोळ्यांना कळत नसेल तर कातळावर बाटलीतलं थोडं पाणी ओता आणि ते कुठे जातं बघा. ठळक दगड, एखादी बांधाची भिंत, विजेचा खांब अशा न हलणाऱ्या खुणा धरून पाच-सहा ठिकाणं पक्की करा. पावसाळाभर याच ठिकाणांवर परत यायचं आहे.

या काळातही जिवंत काही नाही असं समजू नका. रानकांद्याचा पानं नसलेला, उंच फुलांचा दांडा कडक उन्हात वर आलेला असतो. भेगांजवळ लेपिडॅगॅथिसचे काटेरी, जमिनीला चिकटलेले गोळे दिसतात. त्यांचा फुलोरा पाऊस संपल्यानंतरच्या कोरड्या महिन्यांतला. माळटिटवी उघड्यावरच अंडी घालते, म्हणून पाय जपून टाका.

तिसरी पायरी: सामान आणि जिवाची काळजी

खर्चिक काही नको. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, स्टीलची पट्टी, स्वेटर विणायची जुनी सुई, दहा मीटर सुती दोरी, पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही. पावसात पेन फसतं, पेन्सिल नाही. दोरीला दर मीटरवर गाठ मारून ठेवा. मोबाइलचा कॅमेरा चालतो.

कातळावरचं शेवाळ भयंकर निसरडं असतं, त्यामुळे खोल खाचांच्या तळव्याचे बूट घाला. फुरसं हा कोकणच्या सड्यांवरचा खरा धोका आहे. लहान, मातकट रंगाचा, अत्यंत विषारी साप. तो दगडाखाली, गवताच्या बुडाशी बसतो. हात टेकण्याआधी बघा, काठीने गवत हलवा, एकटे जाऊ नका. चावलाच तर बांधाबांध, चिरा देणं, मंत्र-मुळ्या यांत वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठा. कुठल्या रुग्णालयात प्रतिविष असतं ते निघण्याआधीच विचारून ठेवा.

मेघगर्जना ऐकू आली की लगेच खाली उतरा. उघड्या सपाटीवर सगळ्यांत उंच वस्तू तुम्हीच असता. पायाला जखम असेल तर गुरं बसतात त्या डबक्यांत उतरू नका. लेप्टोची (जनावरांच्या मुतातून पाण्यात पसरणारा ताप) साथ कोकणाला नवी नाही.

चौथी पायरी: पहिल्या सरी आणि कंदांची गर्दी

जूनच्या पहिल्या जोरदार सरींनंतर आठवडाभरात जा. काळा कातळ हिरवट, बुळबुळीत झालेला असेल. ही सुकलेली शैवालं आणि शेवाळी जागी झालेली असतात. शैवालांतली काही हवेतला नायट्रोजन पकडून या गरीब जमिनीत खत घालतात, म्हणजे पुढची सगळी वस्ती त्यांच्या कामावर उभी राहते.

जमिनीखाली कंद साठवून बसलेल्यांना बी रुजण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून पहिली फुलं त्यांची. पातळ मातीत काळ्या मुसळीची पिवळी, जमिनीलगतची फुलं येतात. क्लोरोफायटमच्या कुळातल्या जातींची पांढरी फुलं दिसतात. याच कुळातली फोडशी कोकणात भाजी म्हणून खातात. गवताळ भागात एकच पान जमिनीवर पसरलेली आणि पांढरी फुलं धरणारी आमरी उगवते. ती जमिनीत वाढणारी ऑर्किड आहे.

आणि जूनअखेरीस-जुलैत दीपकाडी. डिपकॅडी कोंकनेन्स. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर निकोल डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं आणि नावात कोकण घातलं. पातळ पानं, मध्येच वर येणारा दांडा, त्यावर लांब नळीची पांढरीशुभ्र फुलं. ती किनारी सड्यांवरच उगवते. जिथे असते तिथे ती शेकड्यांनी असते आणि शेजारच्या सड्यावर एकही नसते, म्हणून दिसली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. दिसली तर मात्र विणायच्या सुईने तिच्याभोवतीच्या मातीची खोली पाच-सहा ठिकाणी मोजा, कंदापासून हातभर दूर. पाणी साचतं का वाहून जातं, तेही लिहा. दीपकाडीच्या नुसत्या फोटोपेक्षा ही नोंद मोलाची आहे.

कंद उपटू नका, घरच्या कुंडीसाठीही नाही. मुसळीच्या नावाने सड्यांवरून कंद खणून नेले जातात, आणि एक कंद गेला की त्याची अनेक वर्षांची साठवण गेली.

पाचवी पायरी: झिरपीचे पट्टे

सड्याचा आत्मा इथे आहे, म्हणून इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत कधीही.

मातीचा थर जिथे संपतो आणि हलका उतार सुरू होतो, तिथे पाऊस थांबला तरी पाणी झिरपत राहतं. कातळावर ते बोटाच्या पेराइतकंही खोल नसतं, कधी नुसती ओल चमकते. माती असते काही मिलिमीटर. सतत ओलं आणि सतत उपाशी, अशी ही जागा. मोठ्या गवताला इथे मुळं धरायला जमत नाही, त्यामुळे ऊन थेट जमिनीपर्यंत पोहोचतं आणि बुटक्या रोपांना राज्य मिळतं.

गुडघे टेकून बसा. सगळ्यांत आधी नजरेत भरतील ते गेंद, म्हणजे इरिओकॉलॉन: जमिनीवर पानांचा झुबका, त्यातून वर आलेले पानं नसलेले बारीक दांडे आणि प्रत्येकाच्या टोकावर पांढरी गुंडी. ती गुंडी एक फूल नसून अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ आहे. भिंगाखाली धरा, वेगवेगळी फुलं दिसतील. जाती ओळखण्यासाठी मात्र फुलाचे भाग आणि बियांची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. नवख्याने वहीत फक्त ‘गेंद, उंची इतकी, गुच्छ इतका’ असं लिहिलं तरी ते प्रामाणिक आणि पुरेसं आहे. फोटो पाहून ठोकलेल्या नावापेक्षा बरं.

गेंदांच्या मधून निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा दिसेल तो युट्रिक्युलारियाचा. सीतेची आसवं, निळी पापणी ही यांचीच नावं. फुलाखाली पान शोधायला गेलात तर फारसं सापडणार नाही, कारण रोपाचा निम्मा संसार ओल्या मातीत आहे. तिथे टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान फुगे असतात. फुग्यातलं पाणी बाहेर टाकून रोप आत पोकळी करून ठेवतं. दारावरच्या केसाला सूक्ष्म जिवाचा धक्का लागला की दार उघडतं, पाण्यासकट जीव आत ओढला जातो आणि दार बंद होतं. हे सगळं एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास घडतं. मातीत नायट्रोजन अगदी कमी, म्हणून तो शिकारीतून मिळवायचा. हे फुगे पाहायचे असतील तर मातीतलं रोप उपटू नका. तळ्यात तरंगणारी पिवळ्या फुलांची युट्रिक्युलारिया ऑरिया शोधा. तिच्या पाण्यातल्या फांद्यांवरचे फुगे नुसत्या डोळ्यांनीही कळतात.

दवबिंदू या कीटकभक्षी रोपाच्या दोन जाती शोधा. एक जमिनीला चिकटलेल्या लालसर चकतीसारखी, फुलं पांढरी: ड्रॉसेरा बर्मानी. दुसरी उभी वाढणारी, पानं दोऱ्याइतकी अरुंद: ड्रॉसेरा इंडिका. दोघींच्या पानांवर चिकट थेंबांचे केस असतात आणि सकाळच्या तिरप्या उजेडात ते चमकतात. म्हणून झिरपीच्या पट्ट्याला सकाळी नऊच्या आत भेट द्या. आणखी उशिरा, ऑगस्टकडे, तुतारीची लांब नळीची पांढरी फुलं गवताच्या कडेला दिसतील. ती हिरवी असली तरी शेजाऱ्यांच्या मुळांतून थोडंफार चोरून घेते. ती कोणाच्या शेजारी उगवली आहे ते लिहून ठेवा.

आता दोरी काढा. मातीच्या गवताळ भागापासून उताराच्या दिशेने, झिरपीचा पट्टा ओलांडून उघड्या कातळापर्यंत ती सरळ टाका. प्रत्येक गाठीपाशी तीन गोष्टी लिहा: मातीची खोली, पाण्याची खोली, आणि गाठीच्या वीतभर परिघात सर्वांत जास्त काय आहे. अर्ध्या तासाचं काम आहे. घरी येऊन हे आकडे ओळीने मांडले, की गवत कुठे संपलं, गेंद कुठे सुरू झाले, दवबिंदू कुठल्या अरुंद पट्टीत अडकलेत, हे कागदावर उमटतं. सड्याच्या वस्त्या समजण्याची ही किल्ली आहे. पुढच्या फेरीला दोरी त्याच जागी टाका. ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवसांची उघडीप पडली तर त्यानंतर आवर्जून जा. पट्ट्याचा कुठला भाग सुकला आणि कुठला तगला, यावरून खालच्या पाण्याची वाट कळते.

सहावी पायरी: खळगे, डबकी आणि तळी

कातळातले खळगे खोलीनुसार वेगळे करा. पेलाभर पाणी मावणारे, गुडघाभर खोल, आणि हिवाळ्यापर्यंत टिकणारी तळी. पहिल्या प्रकारात दोन-तीन दिवसांच्या उघडिपीत पाणी आटतं, तेव्हा तिथली रोपं ओल्या-कोरड्याचा खेळ सोसणारी असतात. मधल्या प्रकारात रोटालाच्या जाती काठाला गुलाबी करतात, आणि पाण्यात बुडून वाढणारा गेंदाचा एक भाऊ, इरिओकॉलॉन सेटेशियम, केसाळ शेपटीसारखा डोलतो. तळ्यांत कुमुदिनीची झालरीची पांढरी फुलं तरंगतात. काही तळ्यांत देवभात उगवतो. तो आपल्या भाताचा रानटी सोयरा, आणि ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं काही खायचं नसतं म्हणून त्याला घरोघर मान.

डबक्यात उतरू नका, काठावरून पाहा. पट्टी उभी धरून पाण्याची खोली मोजा, काठापासून आतपर्यंत रोपांचे पट्टे कसे बदलतात त्याचं वहीत चित्र काढा. इथे शब्दांपेक्षा वेडंवाकडं चित्रही उपयोगी पडतं.

सातवी पायरी: गवताला घाबरू नका

फुलं ओसरली की लोक सड्यावर जायचं थांबवतात. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत सडा गवताचा असतो, आणि सड्याचं खरं वेगळेपण गवतातच आहे असं माझं मत आहे.

आधी गवत आणि लव्हाळा वेगळा करा. खोड बोटांत फिरवा: लव्हाळ्याचं खोड बहुधा तीनधारी आणि बिनपेरांचं, गवताचं गोल आणि पेरांचं. मग कणीस पाहा. एकच का दोन-तीन बोटांसारखी, केस आहेत का, कुसळ सरळ का मोडलेलं. पान आणि खोड मिळतात तिथली पातळ पापुद्र्याची पट्टीही बघा. एवढ्यावर सड्यावरची आठ-दहा गवतं तुम्ही एका मोसमात वेगळी करू शकाल, नावं आली नाहीत तरी.

मातीच्या थोड्या खोल पट्ट्यांत इस्किममच्या जाती दाट वाढतात, कणसांची जोडी एकमेकींना चिकटलेली. पातळ मातीत डायमेरिया, बारीक आणि नाजूक, लाटेसारखी वाऱ्यावर हलणारी. आणि नक्षीदार दाण्यांचं ग्लिफोक्लोआ. या गवताची अख्खी प्रजातीच भारतीय द्वीपकल्पापुरती मर्यादित आहे आणि तिच्या बहुतेक जाती जांभ्याच्या पठारांवर राहतात. एका जातीचं नावच ग्लिफोक्लोआ रत्नागिरिका. तिच्या दाण्यावरची खोदकामासारखी नक्षी भिंगाखाली पाहाल तर वाघ पाहिल्याइतका आनंद व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

कुसळी गवत जास्त दिसू लागलं तर जरा थांबा. तिचं कुसळ दमट-कोरड्या हवेने पिळ खातं आणि दाणा जमिनीत रुतवतं, त्यामुळे वणव्यातून ते बी वाचतं. सड्याचा एखादा भाग दरवर्षी जाळला जात असेल तर तिथे कुसळीचा जोर दिसतो. गावात विचारा: इथे आग कोण लावतं, कधी, कशासाठी. उत्तर बहुधा नवं कोवळं गवत यावं म्हणून, किंवा बागेकडे वणवा जाऊ नये म्हणून, असं असेल. वाद न घालता लिहून घ्या.

याच महिन्यांत मातीच्या पट्ट्यांवर तेरड्याच्या जाती, कवल्याची पिवळी फुलं, अबोलिमा आणि निळवंती असतात. ती सोपी आहेत, फुलांच्या कुठल्याही पुस्तकात सापडतील, म्हणून इथे त्यांवर वेळ घालवत नाही.

आठवी पायरी: काठाकडे बघा, बिघाड ओळखा

सड्याच्या कडेला, दगडांच्या ढिगांजवळ करवंद, धायटी, कुडा असतो. ते नैसर्गिक आहे. पण रस्त्यालगत रानमोडी, गाजर गवत आणि टाकळ्याचे दाट पट्टे दिसले, तर तिथे बाहेरची माती आलेली असते. त्यांची हद्द नकाशावर काढा आणि दरवर्षी ती किती सरकते ते पाहा.

सड्याला सर्वांत मोठा धोका त्याला रिकामा समजण्याचा आहे. चिरेखाणी चौकोनी खड्डे पाडतात. हापूसच्या बागांसाठी कातळ फोडून माती भरली जाते. माडबनला प्रस्तावित अणुऊर्जा प्रकल्प, चिपीला २०२१ मध्ये सुरू झालेला विमानतळ, गोव्यात मोप्याचा विमानतळ, हे सगळे जांभ्याच्या सपाटीवर आले. बारसूच्या सड्यावर २०२३ मध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं तेव्हा बाहेरच्या अनेकांना पहिल्यांदाच सडा हा शब्द कळला. आंबा बागायतदाराला पोट आहे, आणि चिऱ्याशिवाय कोकणातलं घर उभं राहत नाही, हे मला मान्य आहे. पण झिरपीचा पट्टा एकदा फोडला, की त्या काही मिलिमीटर मातीचा आणि उताराचा मेळ माणसाला परत जुळवता येत नाही. म्हणून कुठे खणायचं हे ठरण्याआधी तिथे काय आहे याची यादी असायला हवी.

सद्हेतूने होणारं नुकसानही सांगतो. सड्यावर झाडं लावू नका. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रांगा लावून ‘उजाड’ जमीन हिरवी केल्याचं समाधान मिळतं, पण तिच्या सावलीत आणि पानांच्या थरात गेंद, दवबिंदू, दीपकाडी जगत नाहीत. त्यांना उघडं ऊन लागतं. शाळेची किंवा संस्थेची वृक्षारोपणाची मोहीम सड्याकडे निघाली असेल तर ती गावातल्या डोंगरउताराकडे वळवा.

काही पथ्यं

सुटे दगड उलटू नका. त्यांच्याखाली पांढऱ्या पट्ट्यांची एक लहान पाल राहते. १९६३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून तिची शास्त्राला ओळख झाली, आणि तीही या सड्यांचीच रहिवासी आहे.

कातळशिल्पं दिसली तर त्यांतलं गवत उपटू नका, रेषा खडूने भरू नका, वर उभे राहून फोटो काढू नका. कशेळी, बारसू, रुंढे तळी, देवाचे गोठणे, कुडोपी अशा ठिकाणांची शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हापासून गर्दी वाढली आहे. शिल्पांच्या खोलगट रेषांतही पाणी आणि माती साचते, आणि तिथे बुटकी रोपं वाढतात. त्यांचीही नोंद घ्या.

झिरपीच्या पट्ट्यात एका रांगेत, एकाच वाटेने चाला. गाडी सड्यावर उतरवू नका. चाकाच्या खाचेतून पाणी वेगळ्याच दिशेने वाहू लागतं आणि खालचा पट्टा सुकतो.

नववी पायरी: नोंदी कामी लावा

प्रत्येक फेरीनंतर त्याच दिवशी वही पक्की करा: तारीख, ठिकाण, गेल्या आठवड्यातला पाऊस, दोरीवरचे आकडे, फोटोंचे क्रमांक. फोटो एका रोपाचे किमान चार हवेत: पूर्ण रोप, पान, फूल किंवा कणीस जवळून, आणि भोवतालची जागा. शेवटचा फोटो बहुतेक जण विसरतात, आणि वस्ती समजायला तोच लागतो.

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो टाकले की जाणकार नाव सुचवतात. मात्र दीपकाडी, आमरी आणि कंदवर्गातल्या कुठल्याही दुर्मिळ रोपाचं अचूक ठिकाण लपवा. आयनॅचरलिस्टवर तशी सोय आहे. समाजमाध्यमांवर गावाचं नाव घालू नका.

यादी तुमच्याकडेच ठेवू नका. जैविक विविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ग्रामपंचायतीत नोंदवही मागा, त्यात सड्याचं पान आहे का बघा. बहुतेक नोंदवह्यांत झाडं, पिकं, औषधी वनस्पती भरपूर असतात आणि सडा एका ओळीत संपवलेला असतो. तुमचा नकाशा, जातींची यादी, स्थानिक नावं आणि तारखा समितीला लेखी द्या, पोच घ्या. ज्या गुराख्याने तुम्हाला डबकी दाखवली, त्याच्याकडची माहिती त्याच्या संमतीने आणि त्याच्या नावाने लिहा. कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून राज्य सरकार घोषित करू शकतं, आणि असा प्रस्ताव गावातून निघाला तर त्याला अशीच वर्षानुवर्षांची नोंद जोडावी लागते.

दुसऱ्या वर्षी मेअखेरीला त्याच पाच-सहा ठिकाणांवर पुन्हा जा, गाठी मारलेली तीच दोरी घेऊन.